गोट्याखालचं हिरवं

खोडे मॅडम रस्त्यानं चालू लागल्या की पाहणाऱ्याला वाटायचं, बाईंचं काहीतरी पडलंय. मान खाली, नजर पावलांच्या थोडी पुढे, आणि चालता चालता मधेच वाकायच्या. पांढुर्ण्याच्या बाजारात एखादा नवखा दुकानदार असला तर तोही पायरी उतरून शोधायला लागायचा. "काय पडलं मॅडम? कानातलं का?" मॅडम हातातला गोटा उलटा करून बघायच्या, होता तसा परत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पडलं काही नाही भाऊ. खाली कोनी राहते का, पाहून राहिली." दुकानदार विंचवाच्या भीतीनं दोन पावलं मागे सरकायचा.

गोट्यांचं कौतुक आमच्या गावाला नवं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांना गोटे मारतात आणि आम्ही त्याला जत्रा म्हणतो. पण गोटा उचलून, त्याच्या पोटाला भिंग लावून, पुन्हा हळूच जागेवर ठेवणारी बाई गावानं पहिल्यांदाच पाहिली होती. 'गोटेवाल्या मॅडम' हे नाव पडायला वेळ लागला नाही. मॅडमना ते ठाऊक होतं. घराचा पत्ता विचारणाऱ्याला त्या स्वतःच सांगायच्या, "स्टेशनापाशी येऊन गोटेवाल्या मॅडम म्हणा. कोनीही दाखवन."

आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी वाणिज्य. स्टाफरूममध्ये खुर्च्या शेजारी, एवढाच सुरुवातीचा संबंध. साठी ओलांडलेली बाई, पांढरे केस, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि दुखरे गुडघे. खाली बसल्या की उठवायला माणूस लागायचा, तरी दिवसातून कितीदा उकिडव्या बसत असतील देव जाणे. यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, फारसं न बोलणारे. बायकोच्या पिशवीतून निघालेले गोटे खिडकीत ओळीनं मांडून ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यात कोणता आधी आणि कोणता नंतर यावरून दोघांत कधीमधी अबोला व्हायचा म्हणे.

मॅडमचा खरा विषय मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. पृथ्वीबाहेर कुठे जीव असेल का, असला तर कोणत्या ग्रहावर, कोणत्या चंद्रावर, आणि मुळात आपल्याकडे तो सुरू झाला तरी कसा, याचं एक शास्त्र आहे. ॲस्ट्रोबायॉलॉजी असं त्याचं भारदस्त नाव. मॅडम त्याला नुसतं 'आपलं काम' म्हणायच्या. मोबाइल नाकाजवळ धरून, चष्मा कपाळावर चढवून त्यातले शोधनिबंध वाचत बसायच्या. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "मॅडम, इथे नळाला पाणी कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही आणि तुम्ही मंगळावरचं पाणी शोधून राहिल्या." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन्हीकडे पाणी खालीच हाय सर. खोदल्याबिगर समजत नाही."

शिकवायचं हिंदीत आणि रागवायचं मराठीत, अशी मध्य प्रदेशातल्या आमच्या मराठी गावाची पद्धत. पोरं घरून मराठी घेऊनच येतात. दरवर्षी पहिल्या तासाला मॅडम एकच प्रश्न विचारायच्या, जिवंत म्हणजे काय? मी एकदा शेजारच्या वर्गात होतो आणि मधलं दार उघडं होतं, म्हणून सगळं ऐकायला मिळालं. एक पोरगा म्हणाला, जे हलतं ते जिवंत. मॅडम म्हणाल्या, "मंग तुझी मोटरसायकल?" दुसरी म्हणाली, जे खातं ते. "चूल लाकूड खाते ना माय." तिसरा म्हणाला, जे वाढतं ते. मॅडम म्हणाल्या, "माझ्या दिराच्या पोटात मुतखडा हाय. वाढूनच राहिला. त्याले बारशाले बोलावू का?" वर्ग हसून लोळला, माझा वर्गही लोळला, आणि मग दोन्ही वर्ग गप्प झाले, कारण उत्तर कोणालाच येईना. मॅडमचा आवाज एकदम खुशीत आला. म्हणाल्या, "हां. आता शिकायले सुरुवात करू."

आमच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. कोणाची सून का रुसली, संत्र्याचा भाव का पडला, अमेरिकेनं काय करायला हवं होतं. चहाच्या टपरीवर यातला एकही प्रश्न शिल्लक राहत नाही. अशा गावात खोडे मॅडमचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "अजून मालूम नाही." मंगळावर जीव आहे का? अजून मालूम नाही. प्राचार्यांची बदली होणार का? अजून मालूम नाही. एकदा लोधीखेड्याची माणसं त्यांच्या शेजारच्या पोरीची चौकशी करायला आली. पोरगी स्वभावानं कशी आहे, असं त्यांनी विचारलं. मॅडम खूप विचार करून म्हणाल्या, "लहानपणापासून पाहून राहिली, पण अजून मालूम नाही." पाहुणे चहा न घेता उठले. पोरीच्या आईनं मॅडमशी बोलणं टाकलं. पुढे पोरगी नर्सिंगला गेली, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, आणि पहिले पेढे मॅडमकडे घेऊन आली.

चहाचं असंच. कॉलेजचा चहा आमच्यापर्यंत येईतो त्यावर जाड साय धरायची. एके दिवशी मी ती चमच्यानं काढून टाकणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात धरला. "थांबा सर. गुरूचा एक चंद्र असाच हाय. युरोपा म्हणतात. वरून सगळा बर्फ. दुरून पाह्यलं तं वाटते, गोठलेला मेला गोळा." मग चमच्याच्या टोकानं साय जराशी उचलली. खालून वाफ आली. "खाली मात्र समुद्र. आपल्या सगळ्या समुद्राइपेक्षा मोठा असन म्हणतात. आता सांगा, त्या अंधारात कोनी असन का नसन?" मी म्हटलं, "मॅडम, चहा गार होऊन राहिला." पण खरं सांगतो, तेव्हापासून साय धरलेला चहा मला सरळ पिता आलेला नाही. आधी एकदा खाली डोकावून पाहतोच.

मग अनहोनीची सहल. छिंदवाड्याच्या पलीकडे, डोंगराच्या आडोशाला, अनहोनी नावाचं गरम पाण्याचं कुंड आहे. गंधकाचा वास येतो आणि लोक श्रद्धेनं अंघोळीला येतात. सहलीत आम्ही पुऱ्या खात बसलो, पोरं फोटो काढत राहिली, आणि मॅडम कुंडाच्या कडेला, जिथे कढत पाणी वाहून जातं तिथल्या हिरव्या-केशरी बुळबुळीत थराजवळ भिंग घेऊन बसल्या. जवळच एक म्हातारी बाई पूजेचं ताट घेऊन उभी होती. बराच वेळ पाहून तिनं विचारलं, "काय शोधून राहिल्या बाई?"

"आपले पूर्वज," मॅडम म्हणाल्या.

म्हातारीनं वाकून पाहिलं. मॅडमनी तिला समजावलं. माणूस नव्हता, जनावर नव्हतं, झाड नव्हतं, तेव्हा असेच कोणीतरी होते. कढत पाण्यात, वासाच्या हवेत, कोणाच्या मदतीबिगर टिकले. त्यायच्यातूनच हळूहळू आपण. म्हातारीला किती कळलं कोण जाणे. तिनं पदर डोक्यावरून घेतला, ताटातलं हळदकुंकू चिमटीत घेतलं आणि त्या बुळबुळीला वाहिलं. मी म्हटलं, आता मॅडम ओरडणार, नमुना खराब झाला म्हणून. मॅडमनी दुसऱ्या बाजूचा नमुना घेतला आणि म्हातारीच्या शेजारी उभं राहून स्वतःही हात जोडले. गाडीत मी छेडलं तर म्हणाल्या, "त्या बाईनं माझ्यापेक्षा लवकर वळखलं सर. मले त्यासाठी एमएस्सी करा लागली."

आता त्या गोट्यांबद्दल.

सौंसरकडे मॅडमच्या सासरची शेती, लोधीखेड्याच्या अलीकडे. संत्र्याची बाग, खाली कापूस, आणि टोकाला एक मुरमाड पट्टा, ज्यात कुसळही धड उगवत नाही. या भागातल्या शेतांत नांगराला पांढऱ्या गारगोट्या लागतात. लोक त्या वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकतात. लग्न होऊन आलेल्या मॅडमनी कधीतरी भर मे महिन्यात त्यातली एक उलटी करून पाहिली. वर हात टेकवत नाही असं ऊन, आजूबाजूला सगळं करपलेलं, आणि गारगोटीच्या पोटाला मातीशी लागून एक हिरवी रेघ. जिवंत. गारगोटी थोडी पारदर्शक असते. तिच्यातून मंद उजेड खाली जातो, ऊन अडतं आणि सकाळची जराशी ओल तिच्याखाली टिकते. तेवढ्यावर सूक्ष्म शेवाळाचा संसार चालतो. वाळवंटांत असाच चालतो म्हणे. मंगळावर कधी काळी जीव असला आणि पुढे तिथलं पाणी आटलं, तर शेवटी तो अशाच एखाद्या दगडाखाली जाऊन बसला असेल, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत. मॅडम म्हणायच्या, "मंगळावर मले कोन नेते? मंग त्याचा एक तुकडा शेतातच करून घेतला."

त्यांनी गारगोट्या घासल्या, उकळल्या, उन्हात तापवल्या. त्यांच्यावर जिवंत असं काही उरलं नाही याची खात्री केली आणि त्या मुरमाड पट्ट्यावर एक रांग मांडली. पुढच्या वर्षी दुसरी रांग, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. कोऱ्या गोट्याखाली जीव आपणहून येतो का, यायला किती वर्षं लावतो, आणि येतो तर कुठून, एवढंच त्यांना पाहायचं होतं. सुट्टी लागली की सौंसरची बस पकडायच्या. पहिल्या रांगांखाली हिरवं यायलाच कितीतरी वर्षं गेली. मी विचारायचो, "काय मॅडम, आले का पाहुणे?" त्या म्हणायच्या, "दोन घरी आले. बाकीचे घर रिकामे हायेत."

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी पाठवलेले गोट्यांचे फोटो पाहून दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेनं त्यांना कळवलं की आम्ही पाहायला येतो. देशातल्या अशा तापणाऱ्या जागा निवडून गोट्यांखालचा जीव वर्षानुवर्षं पाहायचा, असं त्यांचं काम होतं. मॅडमकडे जे होतं ते त्यांना दुसरीकडे मिळालं नव्हतं. कोणता गोटा कोणत्या वर्षी कोरा करून ठेवला हे पक्कं ठाऊक असलेल्या रांगा. जागा निवडली गेली तर ऊन आणि ओल मोजणारी यंत्रं बसणार होती, आमच्या कॉलेजच्या पोरींना तिथे शिकता येणार होतं. मॅडमच्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. मला एकदाच म्हणाल्या, "मी घरी बसली का हे नुसते गोटे राहतीन सर. कोनी वेचून धुऱ्यावर फेकून देईन. तेवढं होऊ नाही, बस." याहून जास्त त्या स्वतःसाठी काही मागताना मी ऐकलं नाही.

पाहुणे रविवारी सकाळी येणार होते. शनिवारी दुपारी मी मॅडमना माझ्या गाडीतून शेतावर घेऊन गेलो. बागेच्या तोंडाशी त्यांचे दीर धनराजभाऊ उभे होते, स्वच्छ धोतर, नवी टोपी. हेच ते मुतखडेवाले. संत्र्याचा हाडाचा शेतकरी. सगळं आयुष्य एका शत्रूशी लढण्यात गेलेलं, आणि तो शत्रू म्हणजे बुरशी. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर संत्र्याच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप देतात, त्याला बोर्डो म्हणतात. बोर्डो लावला की डिंक्या रोग येत नाही. बागेतली सगळी खोडं कमरेपर्यंत निळी झाली होती. मला ते छान वाटलं, पाहुण्यांसाठी सजवल्यासारखं.

धनराजभाऊ आम्हाला पट्ट्याकडे घेऊन गेले. तिथेही सगळं निळं होतं.

एकूण एक गोटा. वरून आणि खालून. आधी उलटा करून नारळाच्या काथ्यानं घासलेला, मग दोन हात बोर्डो दिलेला, आणि सुकल्यावर सुतात मांडलेला. वेगवेगळ्या वर्षांच्या वेड्यावाकड्या रांगा मोडून त्यांनी एक झकास चौकोन केला होता.

"एकही नाही सोडला वयनी," धनराजभाऊ म्हणाले. "सगळ्याइच्या बुडाले बुरशी लागली होती. तुम्ही आठ दिवस आधी सांगतलं असतं तं दोनदा लावला असता. आता पाहुणे म्हणतीन, का बाप्पा, काय जागा ठेवली हाय."

मी मॅडमकडे पाहिलं. मोरचूद शेवाळाला मारतं एवढं वाणिज्यवाल्यालाही कळतं. मॅडम खाली वाकल्या, एक गोटा उलटा केला, पाहिला, परत ठेवला. मग दुसरा. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, फक्त हात जरा हळू चालत होते. मग त्या म्हणाल्या, "एकट्यानं केलं का भाऊजी?"

"एकट्यानं. मजुराच्या हाती कसं देऊ? तुमची वस्तू."

"लय मेहनत झाली असन," मॅडम म्हणाल्या. घरी जाऊन जावेनं दिलेलं ताक त्यांनी उभ्यानं प्यायलं, स्वयंपाकाची विचारपूस केली आणि आम्ही निघालो.

गाडीनं मोहगाव मागे टाकलं. मलाच राहवेना. मला धनराजभाऊंचा राग आला होता आणि त्याहून जास्त, मॅडम त्यांच्यावर रागावल्या नाहीत याचा. मी म्हटलं, पाहुण्यांना फोन करून तारीख पुढे ढकला. म्हटलं, धुऱ्यावर जुन्या हिरव्या गारगोट्या ढिगानं पडल्या आहेत, त्याच आणून मांडू, सांगा ही या वर्षाची, ती त्या वर्षाची. कोणाला कळतंय? सल्ला व्यवहारी होता आणि मला अजूनही तो फारसा वाईट वाटत नाही. पण मॅडमना त्या दिवशी मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"थे लोक इतक्या दूरून एकच गोष्ट पाहायले येऊन राहिले सर. गोट्याचं खरं वय. थेच खोटं सांगू?" आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर पाहत, "माझं किती वर्षाचं गेलं, थे मी मोजून नाही राहिली. तुम्हीही नका मोजू." त्यांचे डोळे भरले होते. मी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

रविवारी दोघं आले. एक वयस्क साहेब आणि त्यांच्यासोबत नंदिता नावाची तरुण संशोधक. माणसं चांगली होती. मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि बागेत शिरायच्या आधीच, सावलीत उभं राहून, हिंदीत सगळं सांगितलं. रांगा कशा होत्या, आता कशा आहेत, कशामुळे. काहीही राखून ठेवलं नाही. नंदितानं विचारलं, हे केलं कोणी? मॅडम म्हणाल्या, "घर के लोगों ने. सँभालने के लिए किया."

धनराजभाऊ मागेच उभे होते. हिंदी त्यांना आमच्याइतकीच येते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि जाऊन एका निळ्या खोडापाशी बसले. साहेबांनी गोटे पाहिले, माती पाहिली, मॅडमचं मनापासून कौतुक केलं आणि मग जे खरं होतं ते सांगितलं. ही जागा आता घेता येणार नाही. मातीतही मोरचूद उतरलंय. मॅडम म्हणाल्या, "सही है. आपकी जगह मैं होती तो मैं भी नहीं लेती." नंदिताचाच चेहरा जास्त पडला होता. जाताना तिनं मॅडमचा नंबर घेतला.

गाडी गेल्यावर मला वाटलं, आता मॅडम बसतील आणि रडतील, आणि त्यांनी बसावं असंही वाटलं. त्या धनराजभाऊंकडे गेल्या. भाऊ खाली मान घालूनच म्हणाले, "वयनी, तुम्ही मले कालच शिव्या कावून नाही देल्ल्या?"

"शिव्या देऊन हिरवं होत असतं तं देल्ल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. "उठा आता. तुमच्याकडे लग्नाचा मोठा गंज हाय ना, भाताचा? थो काढा. मले नवे गोटे उकडा लागतात. आता माझ्याच्यानं उचलणं होत नाही. तुम्हालेच करा लागन."

त्याच संध्याकाळी त्या भल्या मोठ्या पातेल्यात गारगोट्या उकळत होत्या आणि धनराजभाऊ झारा घेऊन ढवळत होते. शेजारच्या शेतातला माणूस कुंपणावरून म्हणाला, "काय भाऊ, शिजले का?" भाऊ म्हणाले, "कच्चे हायेत अजून. जेवायले थांब." आदल्या दिवसानंतर मी पहिल्यांदा हसलो. मॅडम तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

नव्या गोट्यांची रांग त्यांनी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मांडली. निळ्यांचं काय करायचं, असं भाऊंनी विचारलं. धुवून टाकू का म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून, "मंगळाची मातीही काही साधी नाही सर. विषारी क्षार हायेत तिच्यात. कोऱ्या जागेवर जीव येते का, हे मी इतके दिवस पाहून राहिली होती. विष घातलेल्या जागेवर येते का, हे पाहायची हिंमत मी केली नसती. भाऊजीनं करून ठेवली." मला तेव्हा ते मनाची समजूत काढल्यासारखं वाटलं. आपण वस्तू फुटली की म्हणतो ना, जाऊ द्या, जुनीच झाली होती.

वर्षानं त्या निवृत्त झाल्या आणि पांढुर्ण्याचं घर सोडून यजमानांसह शेतावर राहायला गेल्या. खिडकीतले गोटे यजमानांनी स्वतः कापसात गुंडाळून नेले. मधेमधे फोन व्हायचा. नव्या रांगेखाली काही नाही. निळ्यांखालीही काही नाही. "दोन्हीकडे शांतता हाय," त्या म्हणायच्या. आवाज मात्र चांगला असायचा. दर महिन्याला भाऊजी आणि त्या मिळून पट्ट्यावर फिरतात, भाऊजी गोटा उलटतात, त्या पाहतात, असं सांगायच्या. ज्या माणसानं जन्मभर बुरशी पुसली तो आता ती यायची वाट पाहून राहिलाय, याची त्यांना फार गंमत वाटायची.

मग माझी बदली झाली, बालाघाटला. दिवाळी झाल्यावर सामान ट्रकनं पुढे पाठवलं आणि मी गाडी घेऊन मॅडमचा निरोप घ्यायला शेतावर गेलो. बायकोनं चकल्या दिल्या होत्या. यजमान ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांनी नुसतं पट्ट्याकडे बोट दाखवलं. मॅडम तिथे मातीतच बसल्या होत्या. आणखी बारीक झाल्या होत्या, पण मला पाहून चेहरा उजळला. बालाघाटला कोणते खडक आहेत, तिथे खाणींकडे जाऊन काय काय पाहावं, हे त्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली. आपला माणूस दूर चालला आहे याचं दुःख त्यांना असंच करता यायचं. मलाही भरून आलं होतं. बोलायचं ठरवून आलो होतो की मॅडम, तुमच्या शेजारी बसून नोकरी केली हे माझं भाग्य. ते वाक्य मी गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

मी तोंड उघडलं तेवढ्यात पट्ट्याच्या टोकावरून धनराजभाऊ आले. दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरलेली, त्यात एक निळा गोटा. दोन पावसाळ्यांनी बोर्डो जागोजागी उडाला होता. ते धावत नव्हते, पण त्यांच्यासारख्या सावकाश माणसाला तेवढं धावणंच.

"वयनी, हे पाहा. बुरशी हाय का तुमचं हाय?"

मॅडमनी गोटा हातात घेतला नाही. भाऊंच्या ओंजळीतच ठेवून भिंग लावलं. खूप वेळ लावून धरलं. मीही वाकलो. लेप उडालेल्या जागी, मातीच्या रेषेशी, केसाएवढं काहीतरी होतं. मला तर ते हिरवं आहे की माझ्या डोळ्यांची हौस, तेही सांगता येईना.

मॅडमच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. भिंग भाऊंच्या डोळ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "पाहा भाऊजी. तुमच्या बोर्डोले नाही भ्यायलं."

भाऊंनी पाहिलं. मग एकदम घाबरून म्हणाले, "आता? आता काय करू? मी उचलून आणला ना याले."

"जसा होता तसा नेऊन ठेवा. ऊन लागू देऊ नका. कोणतं तोंड वर होतं, याद हाय ना?"

"याद हाय. नाही, थांबा. चला तुम्ही, तुम्हीच या."

मॅडम उठायला लागल्या. मी हात दिला, तो त्यांनी धरला, उभ्या राहिल्या आणि हात कोणाचा होता हे न पाहताच भाऊंच्या मागे निघाल्या. नंदिताला कळवू का, असं मी मागून विचारलं. "एका गोट्यानं काही होत नाही. बाकीचे पाहू दे आधी," असं त्या चालता चालता म्हणाल्या, बहुधा मलाच.

चकल्यांचा डबा मी यजमानांकडे दिला. गाडीत बसून पाहिलं तर दोघा म्हाताऱ्या माणसांनी मातीत गुडघे टेकले होते, माझ्याकडे पाठ, डोकी एकमेकांना लागलेली, आणि एकामागून एक निळा गोटा हळूच उलटून पुन्हा ठेवणं चाललं होतं. मी निरोप घ्यायला आलोय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. मी हॉर्न वाजवला नाही.